सौम्य नव्हे आणि निरुपद्रवीही नव्हे : एका रिपोर्टमधल्या ‘बिनाइन’चं प्रकरण

एप्रिल २०२३. तासगाव भागात द्राक्षबागांची खरड छाटणी सुरू होती. रात्री साडेनऊच्या सुमारास माझ्या चुलतदिरांचा फोन आला. “वैनी, पोरीचा रिपोर्ट आलाय. कॅन्सर हाय, पन सौम्य हाय म्हनत्यात.” मागे जाऊबाई रडत होत्या, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. त्यातली निम्मी वैद्यकीय असतात: संमतिपत्रं, रुग्णांसाठीच्या माहितीपुस्तिका, औषधाच्या खोक्यातल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. त्यामुळे नात्यागोत्यातला कुठलाही रिपोर्ट आधी माझ्या फोनवर येतो. हा त्यातलाच एक. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शब्द मात्र एकही बदललेला नाही, कारण हे सगळं प्रकरण शब्दांचंच आहे. आणि त्यातला एक चुकीचा शब्द मी दिलेला आहे.

मुलगी बावीस वर्षांची. अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. आठवडाभर तिने कुणाला सांगितलं नाही, मग आईला सांगितलं. सोनोग्राफी झाली, सुईची तपासणी झाली. दोन कागद हातात आले. पहिल्यावर लिहिलं होतं: १६ मिलिमीटरची लंबगोल गाठ, कडा स्पष्ट, बायरॅड्स ३ (गाठ किती संशयास्पद आहे ते सांगणारी श्रेणी), ‘प्रॉबेबली बिनाइन’, सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. दुसऱ्यावर: ‘बिनाइन, फायब्रोॲडिनोमा, निगेटिव्ह फॉर मॅलिग्नन्सी’. फायब्रोॲडिनोमा हे तरुण मुलींच्या स्तनात होणाऱ्या एका गाठीचं नाव.

डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची होती. तोवर धीर कुणाला? शेजारच्या मुलाने मोबाइलवर कागदाचा फोटो काढला आणि भाषांतर करून दाखवलं. पडद्यावर आलं, ‘सौम्य ट्यूमर’.

आता हे दोन शब्द त्या घरात कसे ऐकले गेले ते बघा. ट्यूमर म्हणजे आपल्याकडे कॅन्सरच. साधी गाठ असली की लोक ‘गाठ’ म्हणतात आणि कॅन्सर असला की ‘ट्यूमर’. आणि सौम्य? २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं आपण सगळ्यांनी रोज ‘सौम्य लक्षणे’ हे शब्द ऐकले. सौम्य लक्षणं म्हणजे कोरोना झालेलाच आहे, फक्त कमी आहे, घरी राहून बरा होईल. मग सौम्य ट्यूमर म्हणजे कॅन्सर झालेलाच आहे, फक्त कमी आहे. त्या रात्री त्या घरात कुणी जेवलं नाही. त्यांचं ऐकणं अजिबात चुकलं नव्हतं. मराठीत सौम्य शब्दाचा चालता अर्थ तोच आहे. सौम्य ताप हा तापच असतो, भूकंपाचा सौम्य धक्का हा भूकंपच असतो. सौम्य म्हणजे त्याच गोष्टीची कमी मात्रा.

वास्तविक ‘बिनाइन’ म्हणजे कमी मात्रेचा कॅन्सर नव्हे. ती गाठ कॅन्सर नाहीच. पेशी पाहणाऱ्या डॉक्टरांनी गाठींचे दोन स्वभाव मानले आहेत. एक शेजारच्या उतीत घुसणारी आणि रक्तातून, लसिकेतून दूर जाऊन नवं ठाणं मांडणारी. ती मॅलिग्नंट. दुसरी जिथे आहे तिथेच, आपल्या कडेच्या आत राहणारी. ती बिनाइन. फरक स्वभावाचा आहे, मात्रेचा नाही.

हे मला माहीत होतं. म्हणून मी फोनवर ठामपणे सांगितलं, “भाऊजी, कॅन्सर नाही. शब्द चुकीचा वाचलाय तुम्ही. निरुपद्रवी गाठ आहे. काळजीचं काही नाही.” पलीकडे जाऊबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि तीनदा विचारलं, “देवाशपथ?” मी तीनदा हो म्हटलं. सगळ्यात शेवटी, फोन ठेवता ठेवता मी म्हणाले, “सहा महिन्यांनी एकदा दाखवून या हं.”

ते ‘एकदा’ आणि ते ‘हं’ मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी डॉक्टरांनीही सगळं समजावलं, पण मोठं ओझं उतरलेल्या माणसाला पुढचं ऐकू येत नाही. सहा महिने म्हणजे ऑक्टोबर. द्राक्षवाल्याला ऑक्टोबर म्हणजे फळ छाटणी, त्यानंतर रोजच्या फवारण्या, डाऊनी रोगाची भीती, आभाळ आलं की रात्रीची झोप नाही. निरुपद्रवी गाठ दाखवायला त्या दिवसांत कोण सांगलीला जाईल?

मे २०२४ मध्ये मुलीचाच फोन आला. आवाज दबका. “काकू, गाठ मोठी झालीय. आईला अजून सांगितलं नाही.”

सोनोग्राफीत ३४ मिलिमीटर. तेरा महिन्यांत दुपटीहून जास्त.

मी त्यांच्याबरोबर सर्जनकडे गेले. डॉक्टरांनी जुना कागद उलटसुलट केला आणि विचारलं, “ऑक्टोबरमध्ये का नाही आलात?” भाऊजी म्हणाले, “सायेब, छाटणी होती. आनि गाठ निरुपद्रवी हाय म्हनून सांगितल्यालं.” कुणी सांगितलं ते त्यांनी म्हटलं नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते.

तर, एका इंग्रजी विशेषणाला शब्दकोशात दोन मराठी प्रतिशब्द सापडतात. पहिल्याने एका कुटुंबाची रात्र गेली, दुसऱ्याने वर्ष गेलं. असं का व्हावं, म्हणून सर्जनकडून परतल्यावर त्या रात्री मी शब्दाचीच पाळंमुळं काढायला बसले. आधीच काढायला हवी होती.

इंग्रजीत खरोखर ‘अपाय न करणारा’ असं सांगणारं विशेषण वेगळं आहे: इनॉक्युअस. ते लॅटिन ‘इन्नोकुउस’वरून सोळाव्या-सतराव्या शतकाच्या सांध्यावर इंग्रजीत आलं. ‘इन’ म्हणजे नकार आणि ‘नोकेरे’ म्हणजे इजा करणं. इनोसंट, म्हणजे निष्पाप, हाही त्याच क्रियापदाचा मुलगा. विषारी वायूला लावतात तो नॉक्शस हाही. आणि या ‘नोकेरे’चं मूळ आपल्या घरात आहे. ज्या आदिम धातूपासून तो निघाला, त्याच धातूपासून संस्कृतातला ‘नश्’ आला. नाश, विनाश, नश्वर, नष्ट हे सगळं त्याचं. म्हणजे इनॉक्युअस शब्द अक्षरशः उलगडला तर ‘अविनाशक’ असा होतो. शब्दातच हमी दिलेली आहे की यापासून नाश नाही. (इनॉक्युलेट, म्हणजे लस टोचणं, हा शब्द याचा कुणी लागत नाही, कानाला सारखा वाटतो इतकंच. तो ‘ओकुलुस’ म्हणजे डोळा यावरून आला. झाडाच्या खुंटात दुसऱ्या झाडाचा डोळा बसवणं हा त्याचा पहिला अर्थ. आपले नर्सरीवाले जे ‘डोळा भरणं’ म्हणतात, तंतोतंत तेच.)

रिपोर्टवर मात्र इनॉक्युअस लिहिलेलं नसतं. मी तरी अजून कुठल्या गाठीच्या रिपोर्टवर पाहिलेलं नाही. तिथे बिनाइन असतं. आणि बिनाइनच्या पोटात अपाय, इजा, नाश यातलं काहीच नाही. तो लॅटिन ‘बेनिग्नुस’. त्याचा पहिला भाग ‘बेने’, म्हणजे चांगलं. दुसऱ्या भागात ‘जन्म देणं’ या अर्थाचा धातू, तोच जो ‘गेनुस’ म्हणजे कुळ, वंश या शब्दात आहे. बेनिग्नुस म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. रोमन माणसाला वाटायचं की जो चांगल्या घरचा, तो मायाळू, उदार, दिलदार असणारच. म्हणून कुळाचा शब्द स्वभावाचा झाला. इंग्रजीत हे पुष्कळदा झालंय: जेंटल, जेनरस हे दोन्ही शब्द मुळात घराण्याचे, आज स्वभावाचे. आपणही ‘घरंदाज’, ‘खानदानी’, ‘कुलीन’ म्हणतो तेव्हा नुसतं घराणं सांगत नाही, वागणं सांगतो.

फ्रेंचमधून हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत रुळला, तो माणसांसाठीच. त्या काळच्या चॉसर या इंग्रजी कवीने एका गरीब, कष्टाळू गावच्या धर्मगुरूचं वर्णन करताना तो वापरलाय. तिथे अर्थ आहे दयाळू, मायेचा. पुढे तो हवामानाला लागला, तापाला लागला, गाठीला लागला. त्याची जोडी मॅलाइन आणि मॅलिग्नंट यांच्याशी. तिथे ‘मालुस’ म्हणजे वाईट. वाईट कुळातला, म्हणून दुष्ट बुद्धीचा. इंग्लंडच्या यादवी युद्धात संसदेच्या बाजूचे लोक राजाच्या पक्षपात्यांना ‘मॅलिग्नंट’ अशी शिवीच देत. गाठीला मॅलिग्नंट म्हणणं म्हणजे तिला दुष्ट माणूस म्हणणंच आहे, आणि बिनाइन म्हणणं म्हणजे भल्या घरची म्हणणं.

आता इथे माझी चूक उघडी पडते. भल्या घरचा माणूस कधी कुणाला त्रास देणार नाही, अशी खात्री कोण देतं? त्याच्या मनात खोट नाही एवढंच म्हणता येतं. तो दारात आडवा झोपला तर वाट अडणारच.

वैद्यकात याची उदाहरणं ढीगभर आहेत. मेंदूच्या आवरणातली मेनिंजिओमा ही गाठ बहुतेकदा बिनाइन असते. पण कवटी काही ताणत नाही, गाठ वाढली की मेंदू दाबला जातो. म्हाताऱ्या पुरुषांची वाढलेली प्रोस्टेट, जिच्या नावातच बिनाइन आहे, लघवी पूर्ण अडवू शकते. ज्याच्या वडिलांना रात्री दोन वाजता नळी घालायला न्यावं लागलंय त्याला विचारा ती किती निरुपद्रवी. कवटीतला दाब वाढण्याच्या एका विकाराला पूर्वी नावातच बिनाइन जोडलेलं होतं. त्यात दृष्टी जाऊ शकते हे दिसत गेलं, तेव्हा ते विशेषण काढून टाकलं आणि आता त्याला ‘इडिओपॅथिक’, म्हणजे कारण न सापडलेला, म्हणतात. मलेरियातही तेच. व्हायवॅक्स आणि फाल्सिपेरम हे मलेरियाचे दोन प्रकार. एकाआड एक दिवस येणाऱ्या व्हायवॅक्स तापाला ‘बिनाइन टर्शियन’ म्हणत, फाल्सिपेरमला ‘मॅलिग्नंट टर्शियन’. पण व्हायवॅक्सही माणसाला अत्यवस्थ करू शकतो, तो यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा उलटतो. त्या विशेषणाने त्याला फुकटची शांत कीर्ती दिली, अशी तक्रार त्यावर काम करणारे करतातच.

आणि ‘निरुपद्रवी’ या शब्दाने तर यापुढे पाऊल टाकलं. आयुर्वेदात ‘उपद्रव’ ही परिभाषा आहे. मूळ रोगाच्या मागोमाग उठणारी दुसरी पीडा, जिला आज डॉक्टर कॉम्प्लिकेशन म्हणतात, ती म्हणजे उपद्रव. निरुपद्रवी म्हणजे जिच्यातून पुढे काहीही उद्भवणार नाही अशी. बिनाइन हा शब्द नेमकं हेच वचन देत नाही. मी भाऊजींना जे वचन दिलं, ते रिपोर्टमध्ये नव्हतं. ते माझ्या शब्दात होतं.

शिवाय पहिल्या कागदावर नुसतं बिनाइन नव्हतं, ‘प्रॉबेबली बिनाइन’, म्हणजे ‘बहुधा बिनाइन’, होतं. बायरॅड्स ३ म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याची शक्यता शून्य नाही, पण जास्तीत जास्त २ टक्के. म्हणून तर सहा महिन्यांनी पुन्हा बघायला सांगतात. सुईच्या तपासणीने ती शक्यता आणखी कमी केली होती हे खरं. तरी ‘प्रॉबेबली’ हा शब्द आमच्या घरात कुणीच उच्चारला नाही. मोबाइलने तो गाळला की शेजारच्या पोराने, कोण जाणे. मी मात्र तो वाचला होता आणि सांगितला नाही, कारण जाऊबाई रडत होत्या.

परत सर्जनच्या खोलीत येते. कारण जे मला वीस पुस्तिकांत जमलं नाही ते तिथे दहा मिनिटांत झालं.

डॉक्टर मिरज भागातलेच, शेतकऱ्याच्या घरचे. पडद्याआड मुलीला तपासताना त्यांनी जाऊबाईंना जवळ बोलावलं, त्यांची दोन बोटं त्या गाठीवर ठेवली आणि म्हणाले, “दाबा हळूच. काय होतंय?” जाऊबाई म्हणाल्या, “सटाकतीया.” गाठ बोटाखालून निसटत होती, ओल्या चिंचोक्यासारखी. इंग्रजी सर्जन लोक अशा गाठीला ‘स्तनातला उंदीर’ म्हणतात ते याच पळण्यामुळे. “चिकटलेली नाही ना? खाली धरून बसलेली नाही. हे चांगलं लक्षण.” जाऊबाईंचा चेहरा तेव्हा सैल झाला. तो रिपोर्टने झाला नव्हता, माझ्या तीन शपथांनीही झाला नव्हता.

मग बाहेर येऊन ते भाऊजींशी बोलले. “बागेत हरळी असते ना? वर कितीही उपटा, खाली मुळी पळत जाते आणि चार हातांवर पुन्हा डोकं काढते. कॅन्सरची गाठ तशी. ही हरळी नाही. ही आपल्या बांधाच्या आत राहते.”

भाऊजींनी विचारलं, “मग काडायची कशाला?”

“वाढतेय म्हणून. आणि एवढ्या वेगाने वाढली की हिच्यासारखीच दिसणारी दुसऱ्या प्रकारची तर नाही ना, हे पूर्ण गाठ काढून बघावं लागतं. ते सुईत नेहमी कळत नाही.”

भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे गाठीची जात चांगली हाय, पन वाढ जोरात हाय.”

“बरोबर,” डॉक्टर म्हणाले.

मी मान खाली घालून वहीत ते वाक्य लिहून घेतलं. तासगावात जात म्हटलं की आधी द्राक्षाची जात. थॉमसन, सोनाका, माणिकचमन. खाली खुंट डॉगरिजचा. जात चांगली म्हणजे तिच्या स्वभावाची खात्री आहे, पण म्हणून तिला पाणी, छाटणी, नजर नको असं कुठला बागायतदार म्हणेल? जात एक आणि जोपासना दुसरी. त्या माणसाने इंग्रजी शब्द न कळता त्याचा नेमका अर्थ सांगितला होता. आणि नुसता अर्थच नाही. लॅटिनमधला ‘गेन’ आणि संस्कृतातला ‘जन्’ हे एकाच मूळ धातूचे दोन उच्चार आहेत. ‘जन्’पासून जन्म, जनक, जाति, आणि त्या जातीपासून मराठीतली जात. बेनिग्नुसचं अक्षरशः मराठी करायचं तर ते ‘सुजात’ होईल. भाऊजींनी जो शब्द वापरला तो बिनाइनच्या पोटात दोन हजार वर्षांपूर्वीपासून बसलेला आहे.

तरी मी माझ्या पुस्तिकेत ‘चांगल्या जातीची गाठ’ असं लिहिणार नाही. माणसांच्या संदर्भात या शब्दाने आपल्याकडे जे घाव घातलेत ते विसरून तो रुग्णाच्या हातात देता येणार नाही. आणि खुद्द बेनिग्नुसमध्येही तोच दोष आहे: चांगलं कुळ म्हणजे चांगला माणूस ही समजूत रोमची असो की आपली, ती माणसांबद्दल खोटीच होती. गाठीबद्दल मात्र ती बरीचशी खरी निघाली, कारण गाठीचा स्वभाव खरोखर ती कुठल्या पेशीतून जन्मली आणि त्या पेशीत काय बिघडलं यावरच ठरतो.

ऑपरेशन साधं झालं. सकाळी दाखल, संध्याकाळी घरी. टाके त्वचेच्या आतून, व्रण काळसर वर्तुळाच्या कडेला लपेल असा. ही गोष्ट डॉक्टरांनी न विचारता सांगितली, आणि मुलीने त्यानंतर पहिल्यांदा मान वर केली. आठ दिवसांनी पूर्ण गाठीचा रिपोर्ट आला. फायब्रोॲडिनोमाच. दुसरा प्रकार नाही.

त्या महिन्यात मी एका रुग्णालयासाठी स्तनातल्या गाठींवरची पुस्तिका करत होते. मूळ इंग्रजीत बिनाइन हा शब्द अकरा वेळा होता. आधीच्या मसुद्यात मी अकराही ठिकाणी ‘सौम्य’ टाकलं होतं, सवयीने. ते सगळे काढले. संपादकांचा आग्रह होता की एका शब्दाला एकच प्रतिशब्द हवा, नाहीतर पुस्तिका ढिली वाटते. मी नाही म्हटलं, आणि त्यावर आमची बरीच ताणाताणी झाली. माझं म्हणणं असं की हा शब्द डॉक्टरांमध्ये एक खूण म्हणून पुरतो, कारण उरलेली वाक्यं त्यांच्या डोक्यात असतात. घरी बसलेल्या आईच्या डोक्यात ती नसतात. तिला ती लिहून द्यावी लागतात.

शेवटी पहिल्या पानावर असं छापलं: ‘ही साधी गाठ आहे. ही कॅन्सरची गाठ नाही आणि शरीरात दुसरीकडे पसरत नाही. पण ती जागच्या जागी वाढू शकते. म्हणून सांगितलेल्या तारखेला पुन्हा तपासणी करा.’ त्याखाली तारखेसाठी रिकामी चौकट. पुढे सगळीकडे ‘साधी गाठ’, आणि डॉक्टरांच्या कागदावर ओळखता यावा म्हणून एकदाच देवनागरीत ‘बिनाइन’. साधी हा शब्दही परिपूर्ण नाही, साधा ताप म्हणजे दुर्लक्ष करण्यासारखा ताप असंही लोक समजतात. पण त्याच्या पाठोपाठ ‘पण’ने सुरू होणारं वाक्य आहे, आणि ते वाक्य मी कुणाला गाळू देणार नाही.

परवा तासगावला गेले होते. स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर भाऊजी फवारण्यांच्या तारखा आणि औषधांची नावं पेनने लिहितात. ऑक्टोबरच्या पानावर छाटणीच्या दोन दिवस आधीच्या चौकटीत त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘पोरगी, सोनोग्राफी, सांगली’. खाली दोन रेघा मारलेल्या. जाऊबाई चहा गाळत म्हणाल्या, “ह्या टायमाला छाटणी म्होरं ढकलत्यात म्हनं.”